ड्रॉइंगचे सर-मॅडम कसे होतात? (एपिसोडचा लिखित मजकूर)

हेडफोन लावलेत ना? मग आज अजून एक काम करा. एक ग्लास घ्या समोर. काचेचा, स्टीलचा, चहाचा, कुठलाही चालेल. तो टेबलावर ठेवून द्या, आपण थोड्या वेळाने त्याच्याकडे येऊ. गाडी चालवत ऐकत असाल तर हे घरी गेल्यावर करा, बरं का.

(वाचणाऱ्यांसाठी: हा एपिसोड आधी बोलला गेला, मग लिहिला गेला. फालतू "म्हणजे म्हणजे" काढून टाकलेत, तरी काही राहिलेच असतील. सांभाळून घ्या.)

मी छत्रपती संभाजीनगरचा. बीटेक झालो, आता सिडकोतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी कोड लिहितो. चित्रकलेशी माझा संबंध आठवीतल्या एलिमेंटरीपर्यंतच. बी श्रेणी आली, आईने सर्टिफिकेट लॅमिनेट केलं, विषय संपला. मग या विषयावर एपिसोड कशाला? तर माझ्या धाकट्या बहिणीमुळे.

चार वर्षांपूर्वी ती बारावी सायन्स झाली. घरात सीईटीचे कटऑफ, कॉलेजांची यादी, कॅप राउंड असलं सगळं चालू होतं आणि जेवताना ती म्हणाली, "दादा, मला एटीडी करायचंय." मला खरंच वाटलं की ती काहीतरी एटीएमबद्दल बोलायली. एटीडी म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, कलाशिक्षक पदविका, हे मला त्या दिवशी कळलं. पप्पा काही बोलले नाहीत. मी मात्र बोललो, आणि नुसता बोललो नाही तर रात्री बसून एक्सेल शीट बनवली. एका बाजूला फी आणि दोन वर्षं, दुसऱ्या बाजूला मिळणारा पगार, खाली 'परतावा' नावाचा लाल रकाना. सॉफ्टवेअरवाला भाऊ असला की बहिणीच्या नशिबी हे येतंच. तिने शीट बघितली आणि म्हणाली, "रंग चुकीचा निवडलायस, लालावर काळी अक्षरं वाचता येत नाहीत."

तर आज त्या एटीडीबद्दल. शाळेत ड्रॉइंग शिकवायला नेमकं काय शिकावं लागतं, त्याचं 'लायसन्स' कसं मिळतं, आणि ते मिळाल्यावर पुढे काय.

आधी लायसन्स या शब्दाबद्दल. वकिलाला सनद असते, डॉक्टरची कौन्सिलमध्ये नोंदणी असते. आपल्याकडे ड्रॉइंगच्या शिक्षकाला असं वेगळं कार्ड मिळत नाही. पदविका हीच त्याची सनद. खासगी शाळांसाठी १९८१ ची सेवाशर्तींची नियमावली आहे, तिच्यात कुठल्या पदाला काय पात्रता लागते याची अनुसूची आहे. अनुदानित शाळेत लागलात तर त्यावर आणखी एक शिक्का लागतो: शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता. म्हणजे संस्थेने तुम्हाला घेतलं एवढ्याने भागत नाही, तुमच्या नावाने मान्यतेचा कागद निघावा लागतो. तो निघेपर्यंत पगार सरकारी तिजोरीतून सुरू होत नाही. जुन्या शिक्षकांना विचारा, त्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवणार नाही पण मान्यतेच्या पत्राची आठवते.

हे सगळं मुंबईतल्या कला संचालनालयाच्या छत्राखाली चालतं. हे संचालनालय १९६५ मध्ये सुरू झालं. तुम्ही शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली असेल ना, त्या परीक्षा घेणारं हेच ऑफिस. दरवर्षी काही लाख मुलं या परीक्षांना बसतात. एलिमेंटरी पास झालं की इंटरमिजिएट देता येते, आणि राज्य मंडळाच्या दहावीला इंटरमिजिएटच्या श्रेणीवर वाढीव गुण मिळतात: ए ला ७, बी ला ५, सी ला ३. या गुणांमुळे परीक्षेला गर्दी झाली हे खरं, पण त्यामुळे "मॅडम, सी तरी येईल ना?" असं विचारणारे पालकही वाढले. माझी बहीण म्हणते की पालक सभेत तिला चित्राबद्दल कुणीच विचारत नाही, सगळे गुणांबद्दल विचारतात.

एटीडीला जायचं असेल तर ही इंटरमिजिएट कामाला येते. प्रवेशाची माहितीपुस्तिका दरवर्षी निघते, ती नीट वाचा आणि पात्रतेच्या ओळी पेनाने खुणा करून वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका. कोर्स दोन वर्षांचा. त्यानंतरच्या पायऱ्याही आहेत. आर्ट मास्टर म्हणजे ए.एम. ही त्यातली एक. आणि ज्यांनी आधीच चित्रकलेची मोठी पदविका घेतलीय त्यांना शिकवण्याचं शास्त्र शिकायचं असेल तर डिप.ए.एड. म्हणजे कला शिक्षणाची पदविका. आमच्या शाळेतल्या सरांच्या नावापुढे 'डी.टी.सी., ए.एम.' असं लिहिलेलं असायचं. आम्हाला वाटायचं ही त्यांची इनिशियल्स. डी.टी.सी. म्हणजे ड्रॉइंग टीचर्स सर्टिफिकेट, आधीच्या पिढीची पदवी.

आता आमच्या शहराचा मुद्दा. टाऊन हॉलच्या भागातून किलेअर्ककडे गेलात की शासकीय कला महाविद्यालय लागतं. किलेअर्क म्हणजे औरंगजेबाने बांधून घेतलेला वाड्यांचा भाग. मकबरा बघायला येणारी माणसं तिकडे फिरकतही नाहीत, पण मराठवाड्यातल्या किती चित्रकारांची पहिली जत्रा तिथे भरली असेल. बहीण मात्र तिथे नव्हती, ती शहरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात होती. पण निसर्गचित्राच्या तासाला हे सगळे लोक एकाच ठिकाणी भेटायचे: पाणचक्की, मकबऱ्याची मागची बाजू, भडकल गेट. रविवारी सकाळी तिकडे गेलात तर ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली दहा-बारा पोरं हमखास दिसतील. बाजूला पाण्याचा डबा, आणि मागे उभी राहून "किती वेळ लागतो एका चित्राला?" असं विचारणारी माणसं.

आणि एक गोष्ट मला अजिबात माहीत नव्हती. आपल्याकडे ड्रॉइंग हा शिकवायचा विषय कसा झाला, त्याचा अजिंठ्याशी संबंध आहे. मुंबईचं जे.जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. तिथले जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुढे बरीच वर्षं अजिंठ्याला यायचे आणि लेण्यांमधल्या भित्तिचित्रांच्या नकला करून घ्यायचे. त्याच्या आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी अशाच नकला केल्या होत्या, त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत बहुतेक जळाल्या. ग्रिफिथ्सच्या पोरांनी केलेल्या नकलांपैकीही पुष्कळ पुढे १८८५ च्या आगीत गेल्या, तीही लंडनमध्येच. बॅकअप दुसऱ्या शहरात ठेवा असं मी ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगत असतो, त्यामुळे हे वाचताना फार जीव तुटला. पण बघा, आपल्याकडच्या जुन्या कला शाळेतल्या मुलांनी हात बसवला तो आमच्या जिल्ह्यातल्या लेण्यांसमोर बसून. आणि याच जे.जे. मध्ये १८९३ साली ड्रॉइंगच्या शिक्षकांना तयार करण्याचा वर्ग सुरू झाला. म्हणजे 'ड्रॉइंग मास्तर' हा प्राणी सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

यातूनच एका जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. एलिमेंटरीला बसलेल्या प्रत्येक पोराने कधीतरी विचारलेलं असतं: चित्रकलेच्या परीक्षेत भूमितीचा पेपर कशाला? अक्षरलेखन कशाला? कारण इंग्रजांनी शाळेत ड्रॉइंग आणलं ते पोरांनी मन मोकळं करावं म्हणून नाही. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीवर ते बेतलेलं होतं, आणि त्या पद्धतीचा भर कारागिरीवर होता: नक्षी, आराखडे, मोजमाप, हाताला शिस्त. मोकळ्या हाताने सरळ रेघ ओढता आली पाहिजे, वर्तुळात षटकोन बसवता आला पाहिजे. पुढे जगभरात मुलांच्या चित्रांकडे बघण्याची नजर बदलली, आपल्याकडेही बदलली, पण परीक्षेच्या पेपरमध्ये जुना थर तसाच राहिला. जुन्या कोडमध्ये असतं ना, कुणी लिहिलं माहीत नाही, काढलं तर काहीतरी तुटेल म्हणून सगळे ठेवून देतात, तसं काहीसं. अर्थात माझ्या बहिणीला हे पटत नाही. ती म्हणते की भूमिती काढू नका, नीट शिकवा.

बरं, आता तो ग्लास घ्या.

टेबलावर ठेवलेल्या ग्लासकडे वरून तिरकं बघा. त्याचं तोंड तुम्हाला गोल दिसतं का? नाही. चपटं दिसतं, दोन्ही बाजूंनी दाबलेल्या चेंडूसारखं. याला लंबगोल म्हणायचं. आता एक डोळा मिटून ग्लास हळूहळू वर उचला. तोंड अजून चपटं होत जातं, आणि बरोबर डोळ्यासमोर आलं की त्याची एक सरळ रेघ होते. अजून वर नेलात तर कड उलटी वाकते, कमानीसारखी. ही जी रेघ होण्याची जागा आहे ती नेत्रपातळी. सगळं वस्तुचित्र तिच्यावर टांगलेलं असतं.

आता कागदावर ग्लास काढा. शंभरातल्या बऱ्याच जणांचा ग्लास असा येईल: वर लंबगोल, खाली सरळ रेघ. का? कारण ग्लास टेबलावर सपाट बसलाय हे आपल्याला *माहीत* असतं. डोळ्याला तर बुडाची कडही वाकलेलीच दिसते, तोंडापेक्षा थोडी जास्तच गोलसर दिसते, कारण बूड नेत्रपातळीपासून तोंडापेक्षा लांब आहे. पण हात डोळ्याचं ऐकत नाही, डोक्याचं ऐकतो. एटीडीचं पहिलं वर्ष बरंचसं हे भांडण मिटवण्यात जातं. तांब्या, माठ, बादली, छत्री, मोडकी खुर्ची. कागद इम्पीरियल, म्हणजे २२ बाय ३० इंचांचा, त्याचा अर्धा किंवा पाव कापून. आमच्या घरात सहा महिने एक सोललेलं लिंबू कायम कुठल्यातरी ताटलीत पडलेलं असायचं आणि आईला ते उचलायची बंदी होती.

बाकी विषय भराभर सांगतो. निसर्गचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र म्हणजे डिझाईन, अक्षरांकन, थोडी हस्तकला, कलेचा इतिहास. पोस्टर कलर एकसारखा, डाग न पडता भरणं ही वेगळीच तपश्चर्या आहे. औरंगपुऱ्यातल्या दुकानांत आमचा जो खर्च झाला तो माझ्या एक्सेलमध्ये नव्हता, हे कबूल करतो. जलरंगाचा चांगला कागद महाग असतो, आणि शिकताना तो वायाच जाणार असतो.

पण या सगळ्याने तुम्ही चित्र काढायला शिकाल. शिकवायला नाही. मला इथेच सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं, कारण मी समजत होतो की ज्याला चित्र येतं तो शिकवू शकतो. आमच्या ऑफिसमध्ये सगळ्यात भारी कोड लिहिणाऱ्या माणसाशेजारी नव्या पोराला बसवलं की तो पोरगा आठवड्यात रडकुंडीला येतो, हे मला माहीत होतं. तरीही चित्रकलेला मी तोच नियम लावला नव्हता.

एटीडीत सराव पाठ असतात. कॉलेज तुम्हाला जवळच्या शाळेत पाठवतं, तुम्ही वर्गावर पाठ घ्यायचा. त्याआधी पाठ टाचण लिहायचं: उद्दिष्टं, साहित्य, प्रस्तावना, विवेचन, फलक रेखाटन, मुलांचं काम, मूल्यमापन. शेवटच्या बाकावर तुमचे मार्गदर्शक निरीक्षण वही घेऊन बसतात. तास पस्तीस मिनिटांचा. त्यात हजेरी, पाण्याच्या बाटल्या, "मॅडम, पेन्सिल नाही आणली" हे धरून पाच-सात मिनिटं गेलेली. राहिलेल्या वेळात शिकवायचं, फळ्यावर खडूने काढून दाखवायचं, आणि पोरांना काढायला वेळ द्यायचा. फळ्यावर काढताना पाठ वर्गाकडे असते, म्हणजे वर्ग तुमचा नसतो. त्यामुळे अंगाची अर्धी बाजू वर्गाकडे ठेवून काढायची सवय करावी लागते. बहीण महिनाभर आमच्या गच्चीच्या भिंतीवर खडूने हेच करत होती. शेजारच्या काकू आईला विचारून गेल्या की सगळं ठीक आहे ना.

तिचा एक सराव पाठ सांगतो. आठवीचा वर्ग, बासष्ट पोरं, विषय वस्तुचित्र. स्टुलावर माठ ठेवला, त्याच्या पुढे एक वांगं आणि एक लिंबू. फळ्यावर तिने सुंदर काढून दाखवलं. पोरं कामाला लागली. पाच मिनिटांनी उजव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या बाकावरून एक पोरगा उठला. "मॅडम, मला इथून लिंबू दिसतच नाही. माठाच्या मागं गेलंय. काढू का नको?"

ती गप्प. फळ्यावर तर लिंबू आहे. टाचणात लिंबू आहे. पेपरातही 'दिलेल्या वस्तूंचे' असंच लिहिलेलं असतं. मागे सर बसलेत. आणि सगळा वर्ग तिच्याकडे बघतोय.

ती म्हणाली, "दिसत नाही तर काढू नकोस."

त्यावर अर्ध्या वर्गाने लिंबू खोडलं, ज्यांना दिसत होतं त्यांनीसुद्धा. आठवीतली पोरं, त्यांना तेवढंच हवं असतं. घरी येऊन ती रडली. मला वाटलं झालं, आता मार्क गेले. निरीक्षण वहीत सरांनी लिहिलेलं तिने मला नंतर दाखवलं: मांडणी सर्व बाकांवरून दिसेल अशी हवी. फळ्यावरचे चित्र नंतर पुसावे, मुले वस्तूऐवजी फळा बघतात. उत्तर बरोबर.

मी हे तीन वाक्यांचं फीडबॅक ऑफिसमधल्या एका मॅनेजरला वाचून दाखवलं होतं. त्याने काही घेतलं नाही त्यातून, पण ते असो.

आता यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि ज्यांच्या घरात लहान पोरं आहेत त्यांनी थोडा आवाज वाढवा. तुम्ही लहानपणी काढलेलं चित्र आठवा. दोन डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी, नारळाचं झाड, आकाशात चार-चारचे पक्षी. मराठवाड्यात नारळाचं झाड बघितलेलं नसतं, तरी असतंच. हे चित्र कुठून येतं, हा वेगळा एपिसोड होईल. पण त्याच्याही आधी पोरं जे काढतात त्याला एक क्रम असतो. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे ऑस्ट्रियात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत शिकवणारे शिक्षक होते. १९४७ साली त्यांनी एका पुस्तकात हा क्रम मांडला, आणि कला शिक्षणाच्या अभ्यासात त्यांचं नाव टाळता येत नाही.

साधारण दोन ते चार वर्षांत पोरं गिरगटतात. भिंत, फरशी, पप्पांची फाईल. मग चार ते सातमध्ये माणूस येतो: मोठं डोकं आणि त्यालाच चिकटलेले पाय. सात ते नऊमध्ये प्रत्येक गोष्टीचा ठरलेला साचा तयार होतो. घर असं, झाड असं. खाली जमिनीची एक रेघ येते, सगळे तिच्यावर उभे, आणि वर आकाशाची निळी पट्टी, मधली जागा कोरी. या वयात घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात, बसच्या पत्र्यातून प्रवाशांचे पाय दिसतात. क्ष-किरण चित्र म्हणतात त्याला. मोठी माणसं म्हणतात, "अरे, भिंतीतून कसं दिसेल?" पोरगं दिसतं ते काढतच नाहीये, त्याला जे माहीत आहे ते काढतंय. आपल्या ग्लासच्या बुडासारखंच.

आणि मग येतं नऊ ते बारा. या वयात पोराला स्वतःलाच कळायला लागतं की भिंतीतून दिसत नाही. माझा हत्ती हत्तीसारखा दिसत नाही. शेजारच्या पोरीचा दिसतो. डोळा पुढे गेलेला असतो, हात मागे राहिलेला असतो. इथे पोरं वही मिटतात. "मला ड्रॉइंग येत नाही" हे वाक्य तुम्ही पहिलीतल्या पोराच्या तोंडून ऐकलंय का कधी? नाही. सहावीतल्या पोराच्या तोंडून रोज ऐकाल. आणि मग तेच वाक्य माणूस चाळिशीतही म्हणतो, अभिमानाने.

आता हे आपल्या शाळेच्या रचनेवर ठेवून बघा. पहिली ते चौथी वर्गशिक्षकच सगळं शिकवतात. चित्रकलेचा वेगळा शिक्षक भेटतो तो पाचवीत, हायस्कूलला आल्यावर. म्हणजे बरोबर ज्या वर्षी पोरगं वही मिटायला लागतं, त्या वर्षी. त्याच्याकडे त्या वेळी असं कुणीतरी यायला हवं ज्याला नेत्रपातळी माहीत आहे, जे हत्ती गिरवायला न देता म्हणेल, बघ, आधी त्याच्या पाठीची रेघ बघ. म्हणून या माणसाला दोन वर्षं शिकवतात. मला हे कळायला बहिणीचं अर्धं दुसरं वर्ष जावं लागलं.

मग नोकरीचं काय? इथे मी माझ्या एक्सेलचा बचाव थोडासा करणार आहे.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी किती शिक्षक हवेत ते लिहिलंय. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र, भाषा, यांना शिक्षक. आणि पटसंख्या शंभरच्या वर असेल तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी *अंशकालीन* निदेशक. हा एक शब्द बघा. कायद्यात चित्रकलेचा माणूस आला तो अर्धवेळ म्हणून आला. आणि तोही शंभरपेक्षा जास्त मुलं असतील तरच. आमच्या कन्नड, सोयगाव, वैजापूरच्या वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांचा पट मोजा आणि तुम्हीच सांगा कुणाला ड्रॉइंगची मॅडम भेटणार.

अनुदानित शाळांमध्ये पूर्णवेळ पदं आहेत, पण किती ते संचमान्यतेवर ठरतं. संचमान्यता म्हणजे दरवर्षी पटाच्या हिशोबाने शाळेला किती शिक्षक मंजूर हे सांगणारा कागद. पट घसरला की पहिली कुऱ्हाड कुणावर येते हे सांगायला नको. जुने सर निवृत्त होतात, जागा रिकामी राहते, आणि त्यांचा तास भूगोलाच्या बाईंना दिला जातो. नवीन लागलात तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर. ते २०२३ मध्ये वाढलं, प्राथमिकला महिना १६,००० आणि माध्यमिकला १८,००० झालं. त्याच्या आधी याहून बरंच कमी होतं.

दुसऱ्या बाजूने सांगायचं तर नव्या शैक्षणिक धोरणात, म्हणजे २०२० च्या, कलेला बाजूचा विषय समजू नका असं म्हटलंय. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात कला शिक्षण हा स्वतंत्र विषय आहे, आणि एनसीईआरटीने २०२४ मध्ये सहावीसाठी 'कृति' नावाचं कलेचं पाठ्यपुस्तक काढलंय. बहिणीने ते डाउनलोड करून बघितलं आणि तिला आवडलं. मी विचारलं, मग जागा निघतील का? ती म्हणाली, "पुस्तक निघालंय, दादा. जागा वेगळ्या ऑफिसातून निघतात."

आपल्या एका श्रोत्याने मागे मेसेज केला होता की त्याला एटीडी करायचंय पण घरचे नाही म्हणतात, काय करू? मी करिअर गाइड नाही, पण मला वाटतं ते सांगतो. सरकारी किंवा अनुदानित जागेवरच सगळं लावून बसणार असाल तर थांबायची तयारी ठेवा, आणि थांबताना पैसे कुठून येणार ते आधी ठरवा. खासगी शाळा, सुट्टीतले वर्ग, ग्रेड परीक्षेची तयारी, हे सगळं आहे, पण त्यातले पैसे महिन्याला हलतात. आणि तुम्हाला फक्त चित्रकार व्हायचं असेल तर एटीडी ही त्याची मागची वाट नाही, बीएफए बघा. एटीडी त्याच्यासाठी आहे ज्याला लिंबू न दिसणाऱ्या पोराचा प्रश्न आवडतो.

बहीण सध्या एका खासगी शाळेत आहे. महिना नऊ हजार. पहिल्या वर्षी घटक चाचणीच्या आधीचे दोन आठवडे तिचे सगळे तास गणिताला देऊन टाकले होते. तिने भांडण केलं नाही. गणिताच्या सरांना विचारलं की कुठला धडा चाललाय. वर्तुळ. मग तिने त्याच तासांना मागे बसायची परवानगी घेतली आणि शेवटची दहा मिनिटं मागून घेतली, कंपासने नक्षी काढायला. यंदा तास कापले नाहीत. का, ते मला माहीत नाही. गणिताच्या सरांनी काही सांगितलं असेल.

माझी ती एक्सेल शीट अजून ड्राइव्हवर आहे. डिलीट केली नाही, तिने करू दिली नाही. ती म्हणते, असू दे, दुसऱ्या कुणाचा भाऊ आला तर दाखवता येईल.

या वर्षी तिच्याकडे चाळीस पोरं एलिमेंटरीला बसणार आहेत. तिला रविवारी सगळे पेपर एकटीने घेणं जमत नाही, म्हणून भूमिती माझ्याकडे दिलीय. दोन रविवार झाले. मागच्या रविवारी मी फळ्यावर वर्तुळ काढलं, कंपास न हलवता तीच त्रिज्या घेऊन कडेवर सहा खुणा केल्या आणि जोडल्या. षटकोन बरोबर मिटला. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही पण ड्रॉइंगचे आहात का?" मी म्हटलं, नाही गं, मी कॉम्प्युटरचा. तिने माझ्याकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग वर्तुळ अंड्यासारखं का आलंय ते कळलं."